बाबांची वाटपोथी

६ जानेवारी

पाण्यात साप दिसले की जहाजावर आनंदीआनंद! साप म्हणजे जमीन जवळ आली. आधी पाण्याचा रंग बदलणार, मग खेकडे तरंगताना दिसणार, मग साप – आणि मग किनारा. चारशे वर्षांपूर्वीच्या कुणा पोर्तुगीज वाटाड्याने हे इतकं निवांत लिहून ठेवलंय, जणू कोपऱ्यावरच्या दुकानाचा पत्ता सांगतोय.

दुपारी वाचनखोलीत तीच पानं पुन्हा काढून बसले. निळा पडदा, त्यातून झिरपणारा निळा उजेड, टेबलावर पंख्याची फिरती सावली. डोळा लागला. टेबल हळूच डुलायला लागलं, खुर्च्या कलल्या, कपाटामागून पाण्याचा आवाज... जाग आली तेव्हा माझ्या मार्गदर्शक बाई समोर उभ्या. "पोचलीस का लिस्बनला?" म्हणाल्या. मी घाईने गाल पुसला.

बाईंना राग येत नाही माझा. येऊन करणार काय! आमचा पोर्तुगीजचा विभाग म्हणजे बाई, मी, एक कारकून आणि तीन कपाटं. एका कपाटात ब्राझील. दुसऱ्यात अंगोला, मोझांबिक आणि केप व्हर्दची बेटं एकावर एक कोंबलेली. तिसऱ्यात खुद्द पोर्तुगाल, आणि त्याची किल्ली हरवलीये.

९ जानेवारी

बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. "मधलं गेलंय, कडेचं राहील," डॉक्टर म्हणाले. म्हणजे बाबा जिथे बघतात नेमकं तेवढंच पुसलेलं असतं. दार दिसतं, दारात उभा माणूस दिसत नाही. रस्त्याची कड दिसते, दुकानाची पाटी नाही. औषध नाही. पूर्ण अंधार व्हायचा नाही, हेच काय ते सुख.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, जन्मभर काचेतून समोर बघायचा पगार घेतला, आता समोरचंच बंद. हसत म्हणाले. बस चालवून निवृत्त झालेला माणूस! मला रडू फुटलं, ते मी चष्मा पुसण्यात घालवलं.

११ जानेवारी

बाबांनी चहात मीठ घातलं. तसाच प्यायले. मी बघितलं नाही असं दाखवलं. त्यांनीही.

१६ जानेवारी

मिळाली! लिस्बनची शिष्यवृत्ती! दहा महिने तिथल्या दफ्तरखान्यात बसून वाटपोथ्या वाचायच्या. (वाटपोथी हा माझा शब्द. तिकडे त्याला रोतैरो म्हणतात – जहाज कसं न्यायचं ते सांगणारी पोथी. नकाशा नाही, नुसत्या खुणा. बाईंना शब्द आवडला म्हणून प्रबंधात टिकला.) जायचं एप्रिलमध्ये. हो की नाही ते फेब्रुवारी संपायच्या आत कळवायचं.

अर्ज मी केलाच नव्हता खरं तर. बाईंनी माझ्याकडून करवून घेतला, मागे उभं राहून, लहान मुलाकडून गृहपाठ करून घ्यावा तसा. आज त्याच माझ्याहून जास्त खूश होत्या. सगळ्यांना चहा मागवला. सगळे म्हणजे तिघं.

घरी सांगितलं. बाबांनी माझा हात हातात धरला आणि मान वाकडी करून, कडेच्या डोळ्याने माझं तोंड शोधलं. विमानात खिडकीजवळ बस म्हणाले. मग गप्प झाले. मीही. मग कुकरची शिट्टी झाली आणि सुटलो दोघं.

१८ जानेवारी

ताईचा फोन. आमच्या ताईला देवाने मोठी बहीण म्हणून नाही, व्यवस्थापक म्हणूनच जन्माला घातलंय. बाबांना माझ्याकडे पाठव आणि तू खुशाल जा, म्हणाली. बाबा फोन हातात न घेताच म्हणाले, "तिच्याकडे मला खिडकीत बसवून ठेवतील."

खोटं नाही. ताईचं घर मोठं, भावोजी देवमाणूस, पण त्या गावात आमचा डेपो नाही. बाबांचा जीव डेपोच्या फाटकाजवळच्या बाकावर. रोज सकाळी निवृत्त ड्रायव्हर-कंडक्टरांची तिथे सभा भरते. बाबांच्या गाडीवरचा जुना कंडक्टर – त्याला सगळे घंटी म्हणतात – बाबांसाठी जागा धरून ठेवतो. आता मीच बाबांना हाताला धरून तिथे सोडते आणि परत आणते. बाकावरचे लोक माझ्याकडे बघून उगाच गंभीर होतात. बाबांना ते कळतं.

तासभर वाद घालून ताईने अट घातली. स्वयंपाकाला मावशी लावू, वरच्या मजल्यावरचे काका संध्याकाळी डोकावतील. पण बाबा डेपोपर्यंत एकटे जाऊन एकटे परत येत असतील तरच. नाहीतर एक तर बाबा तिच्याकडे, नाहीतर मी इथे.

बाबा म्हणाले, चालेल. नोकरीला लागतानाही चाचणी दिलीच होती की!

२१ जानेवारी

सुचलं!!

शिशाचा गोळा. जहाजवाले दोरीला बांधून तो पाण्यात सोडायचे. गोळ्याच्या बुडाला खळगा, त्यात चरबी भरलेली. वर ओढला की चरबीला तळातलं काहीतरी चिकटून यायचं – कधी पांढरी वाळू, कधी शिंपल्याचा चुरा, कधी काळा चिखल. वाटाड्या ते बोटांनी चोळून बघायचा आणि सांगायचा, आपण अमुक ठिकाणी आहोत. धुक्यात, न बघता!

मग बाबांसाठी वाटपोथी का नाही? घर ते डेपो. पाट्या नकोत, चेहरे नकोत. वास, ऊब, आवाज, पायाखालची जमीन. मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वाटपोथ्या वाचते आहे, एक लिहायला काय हरकत?

बसमधून येताना खिडकीबाहेर सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. इमारतींच्या गच्च्यांवर पांढरे पक्षी, पंखांची टोकं काळी. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ असे पक्षी दिसले की वाटाडे लिहायचे – मखमली बाह्या! पक्ष्यांचं नावच ते. मखमली बाह्यांचे पक्षी दिसले म्हणजे भूशीर जवळ. माझे पक्षी पारवे होते बहुधा. असू देत.

२४ जानेवारी

सकाळी डोळे मिटून रस्ता चालले. बाबांचा हात धरून – म्हणजे आंधळी मी आणि वाटाडे ते! सुताराच्या दुकानाशी एका सायकलवाल्याने मला शिवी दिली. बाबांनी त्याला त्याहून जुनी शिवी दिली.

घरी येऊन लिहून काढलं. असं –

'दारातून निघालं की डावा हात भिंतीला. भिंत गार लागेल. भिंत संपली की इस्त्रीवाला, कोळशाची ऊब डाव्या गालावर. तिथून सरळ. सुताराचा रंधा ऐकू आला म्हणजे रस्ता बरोबर. लाकडाचा वास मागे पडून भाजलेल्या पावाचा वास समोरून आला की बेकरी. तिथे उजवीकडे वळायचं. पुढे शाळेतल्या मुलांचा गलका, तो डाव्या कानाला ठेवून चालत राहायचं. पायाखाली खडी लागेल, डिझेलचा वास येईल. पोचलात.'

वाचून दाखवलं. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, छान आहे, पण यात खड्डा नाही. इस्त्रीवाल्याच्या पुढचा खड्डा! मी तो घातला. जुन्या पोथ्यांतही प्रत्येक वाटाड्या आधीच्याच्या चुका समासात लिहून ठेवायचा.

२७ जानेवारी

बाबांची वाटपोथी तोंडपाठ. भाजी चिरता चिरता म्हणतात, गाणं म्हणावं तसं. भाजी चिरताना त्यांच्याकडे न बघणं ही माझी तपश्चर्या.

३० जानेवारी

गेले! एकटे!

मी मागून गेले अर्थात, दहा-बारा माणसं मध्ये ठेवून, डोक्यावरून ओढणी घेऊन. गुप्तहेराला लाजवेल अशी. बाबा भिंतीला हात लावून निघाले. इस्त्रीवाल्यापाशी गाल किंचित वळला. सुताराकडे पाय जरा सैल पडले. बेकरीपाशी थांबले, नाक वर केलं, आणि वळले. उजवीकडे! मुलांचा गलका, खडी, डिझेल. घंटीने बाकावर जागा धरलेली होतीच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी फाटकाआड उभी राहून रडले. आपण लिहिलेल्या वाक्यांवरून एक माणूस चालत गेला! माझा प्रबंध कधी कुणी वाचेल न वाचेल, पण याहून मोठं काय हवं?

३ फेब्रुवारी

रोज जातात, रोज येतात. आता मी मागे जात नाही. (कालपासून.)

आज मोझांबिकहून एक अभ्यासक विभागात आले होते. उंच, मऊ आवाजाचे गृहस्थ. त्यांचं बालपण मोझांबिकच्या बेटावर गेलं – तेच ते बेट, जिथे वाऱ्याचा हंगाम चुकलेली जहाजं महिनोन्‌महिने अडकून पडायची आणि माणसं तापाने मरायची. माझ्या दुसऱ्या प्रकरणात ते बेट पानोपानी आहे. मला विचारायचं होतं, समुद्राच्या बाजूच्या भिंती अजून आहेत का, पाणी कुठून आणता, लहानपणी तुम्हाला तिथे कसले आवाज यायचे. सगळे प्रश्न पोर्तुगीजमध्ये मनात जुळवून ठेवले होते.

एकही विचारला नाही. कप भरत राहिले. साखर हवी का एवढं मात्र विचारलं, तेही आपल्या भाषेत. ते गेल्यावर बाई म्हणाल्या, तुला चारशे वर्षांपूर्वीचं पोर्तुगीज येतं, आजच्या माणसाशी का बोलत नाहीस? मी म्हटलं, ते वाटाडे परत प्रश्न विचारत नाहीत.

बाई हसल्या नाहीत.

७ फेब्रुवारी

स्वप्न. लिस्बनची नदी, समुद्राएवढी रुंद. काठावर पायऱ्या, त्या पाण्यात उतरत गेलेल्या. मी एका पायरीवर बसले आहे आणि कुणालाही माझ्याशी बोलायचं नाही. ऊन आहे. फार छान वाटत होतं.

जागी झाले तर उशाशी व्हिसाचा अर्ज. राहण्याची सोय कुठे, ओळखीचं कोण, आजारी पडल्यास कोणाला कळवायचं? पेन हातात धरलं आणि परत खाली ठेवलं. तिथे पाव मागायलाही तोंड उघडावं लागणार. इथे मी दुकानात बाबांना पुढे करते! रिक्षावाल्याला पत्ता तेच सांगतात. घरमालकाशी भांडायचं तर तेच. दिसत नसलं म्हणून काय झालं, आवाज आहे.

अर्ज उद्या भरेन. आज नको.

१० फेब्रुवारी

उद्या भरेन.

१३ फेब्रुवारी

आज अक्षर वाईट येणार.

संध्याकाळी घरी आले तर बाबा नाहीत. चपला नाहीत. वरचे काका म्हणाले, घंटीचा निरोप आला होता. तो गाव सोडून मुलाकडे राहायला चाललाय, आजच, सामान बांधून डेपोवर सगळ्यांना भेटायला आलाय. बाबा लगेच निघाले. काका म्हणाले मी येतो सोबत, तर त्यांना म्हणाले, रस्ता पाठ आहे.

मी डेपोपर्यंत धावत गेले. बाबा तिथे पोचलेच नव्हते. घंटी वाट बघून बघून गेला होता. बाक रिकामा. मी सुताराकडे गेले, दुकान बंद. शाळा बंद. इस्त्रीवाल्याने शेगडी कधीच विझवली होती. तेव्हा कळलं मला. बेकरीसमोर उभी राहिले – भट्टी थंड, फळीवर सकाळचे चार पाव, वास कसला म्हणून नाही.

बेकरी सकाळी भाजते. संध्याकाळी भाजतो तो पुलाखालच्या रस्त्यावरचा पाववाला! वारा तिकडून होता.

बाबा त्या वासावर गेले. पाव समोरून आला, उजवीकडे वळले – पोथीबरहुकूम. तिथून पुढे गोदामं, ट्रक, उघडी गटारं. पंक्चर काढणाऱ्या एकाने त्यांना दोन ट्रकच्या मधून हाताला धरून बाहेर ओढलं. तोच त्यांना घरी घेऊन आला. गुडघा फुटलेला, सदरा काळा. दारात मला बघून – म्हणजे माझी चाहूल लागून – म्हणाले, "गाडी जरा दुसऱ्या डेपोत लागली."

आणि घंटी भेटला नाही. ते तसंच राहून गेलं. सदतीस वर्षं एका गाडीवर होते दोघं.

१४ फेब्रुवारी

हंगाम लिहिला नाही मी.

कुठलीही वाटपोथी उघडा. पहिल्या पानावर काय असतं? कधी निघायचं! लिस्बनहून मार्चमध्ये निघा, पुढे वारा मिळेल. उशीर केलात तर पुढचं काही वाचू नका, उपयोग नाही. माझं दुसरं प्रकरण अख्खं यावरच आहे. मीच लिहिलंय त्यात की खुणा खऱ्या असतात त्या एका हंगामापुरत्या, आणि अवेळी गेलेल्या जहाजाला त्याच खुणा खडकावर नेतात. बाईंनी त्या वाक्याखाली रेघ मारून 'उत्तम' लिहिलं होतं.

सगळं सकाळी चालून लिहिलं आणि 'सकाळी' एवढा शब्द लिहायचा राहिला. हे दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं. साध्या माणसाने सांगितलं असतं, संध्याकाळी जाऊ नका हो.

बाबा म्हणतात, नव्या मार्गावर ड्रायव्हर एकदा चुकतोच, म्हणून कुणी मार्ग बंद करत नाही. मी गुडघ्याला पट्टी बांधत होते.

१७ फेब्रुवारी

बाबा डेपोवर जात नाहीत. सकाळी मी विचारलं, येऊ का सोडायला, तर मान हलवली. पलंगावर बसून रेडिओ ऐकतात. घंटी नाही तर बाक कसला, असं वाटत असेल. वाटपोथीही म्हणत नाहीत. मी नवी लिहायला घेतली होती, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. म्हणाले, राहू दे आता.

राहू दे म्हणाले की आमच्याकडे विषय संपतो.

२० फेब्रुवारी

ताईला कळलं. वरच्या काकांनीच सांगितलं. ती ओरडली नाही, उलट फार हळू बोलली, त्याचीच भीती वाटली. म्हणाली, तू ठरवशील ते. मी काय ठरवणार? बाबा तिच्याकडे जायला तयार नाहीत, आणि एकटे राहू शकत नाहीत. दोन अधिक दोन. त्यात ठरवण्यासारखं काय आहे?

दुपारी वाचनखोलीत बसले. निळा उजेड. हंगाम चुकलेल्या जहाजांबद्दल वाचत होते. पुढचा वारा येईपर्यंत बेटावर थांबायचं. थांबलेल्या एकाने लिहिलंय की नारळाच्या झाडांखाली दिवस लांब आणि गोड होते. ताप येईपर्यंत. टेबल आज डुललं नाही. तरी बरं वाटत होतं तिथे. खुर्ची माझी, पंखा माझा, कुणी काही विचारत नाही.

२४ फेब्रुवारी

कळवलं. नाही म्हणून.

पत्र चांगलं जमलं. वडिलांची दृष्टी, घरची जबाबदारी, आपण दिलेल्या संधीबद्दल कृतज्ञ. सगळं खरं. पाठवताना बाई नव्हत्या, हे बरं झालं. नंतर त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, निदान दोन दिवस थांबायचं होतंस, मुदत होती अजून. मी म्हटलं, थांबून काय बदलणार?

आणि आता इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. पायऱ्या उतरून रस्त्यावर आले आणि इतकं हलकं वाटलं की दुकानात शिरून स्वतःसाठी एक रुमाल घेतला, निळा. व्हिसाचा अर्ज फाडला. चालत घरी आले. गच्च्यांवर पक्षी होते. कुणाला सांगू नये इतकं हलकं!

बाबांना उद्या-परवा सांगेन. त्यांना वाईट वाटेल, पण सुटल्यासारखंही वाटेल.

२५ फेब्रुवारी

बाबा आज विभागात आले.

दुपारी मी टेबलावर डोकं ठेवून पडले होते. दारात कारकुनाचा आवाज, तुमचे वडील आलेत म्हणून. मला वाटलं ताई घेऊन आली. बघते तर बाबा, एकटे. इस्त्रीचा सदरा, गुडघ्यावर अजून पट्टी. एका हाताने दाराची चौकट धरून उभे.

हा रस्ता मी लिहिलाच नव्हता! दोन बस, मध्ये मोठा चौक. बाईंनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं, मी पाणी आणलं. पाणी पिऊन त्यांनी सगळं सांगितलं. गेला आठवडाभर मी इकडे आले की ते तिकडे बाहेर पडत होते. दुपारी. आधी कोपऱ्यापर्यंत, मग डेपोपर्यंत, मग डेपोवरून बस धरून पुढे. बसची पाटी दिसत नाही, मग ड्रायव्हरलाच विचारलं. त्याने ओळखलं, शेजारी बसवलं. आज एक थांबा आधीच उतरले. तिथे एका कॉलेजच्या मुलीला म्हणाले, बाळ, मला पलीकडे ने. तिने नेलं. पलीकडे एका फळवाल्याने रस्ता सांगितला, चुकीचा. मग एका पोलिसाने बरोबर सांगितला. बाईंना इतकं हसू आलं की त्यांनी चष्मा काढून ठेवला.

मी विचारलं, वाटपोथी वापरली का?

"तुझी पोथी चांगली आहे गं," बाबा म्हणाले. "पण त्यात कुठेच कुणाला विचारायचं नव्हतं. भिंत होती, वास होता, माणूस एकही नाही. अगं, रस्त्यावर माणसंच माणसं असतात."

इस्त्रीवाला मी ऊब म्हणून लिहिला होता, सुतार रंधा म्हणून, मुलं गलका म्हणून. खऱ्या वाटाड्यांनीसुद्धा प्रत्येक बंदरात तिथला माणूस जहाजावर घेतला होता. तेही वाचलेलं आहे मी.

मग त्यांनी माझ्या दिशेने मान वाकडी केली. "ताईला मी फोन केला सकाळी. ती हो म्हणाली. आता तू जा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बाबांच्या हातातला ग्लास घेतला आणि अजून पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा बाई त्यांना ब्राझीलचं कपाट दाखवत होत्या, म्हणजे पुस्तकांवरून त्यांचा हात फिरवत होत्या. घरी येताना बसमध्ये ते खिडकीजवळ बसले. प्रत्येक वळणाला कुठे आलो ते आधीच सांगत होते, आणि खूश होते. इतके खूश मी त्यांना डॉक्टरकडे गेलो त्याच्या आधीपासून बघितलं नव्हतं. नकाराच्या पत्राचं मला सांगता आलं नाही.

२६ फेब्रुवारी

सकाळी बाईंना फोन करून विचारलं, नकार मागे घेता येतो का? त्यांनी कालच तिकडे विचारलं होतं. येत नाही. जागा दुसऱ्या कुणाला गेली.

२७ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. पत्र कधी पाठवलं तेही. ते चपला घालत होते, डेपोवर निघाले होते. एक चप्पल घालून तसेच बसून राहिले. मग दुसरी घातली, दार उघडलं, भिंतीला हात लावला. रागाने नाही, अगदी मायेने म्हणाले, "माझ्यासाठी राहिलीस असं मात्र कुणाला सांगू नकोस."